धरण किती भरले ते कळले, आता खोऱ्याचा हिशेब मांडा
(गिरणा प्रकल्पाच्या कालवा सल्लागार समितीला खुले पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
कालवा सल्लागार समिती, गिरणा प्रकल्प

स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की चाळीसगावपासून धरणगावपर्यंत पारावर, चहाच्या टपरीवर, एस.टी.त एकच विचारणा असते, ‘गिरणामा पानी कितलं शे?’ उत्तर टक्क्यांत येते. पुढे आपली बैठक होते. १५ ऑक्टोबरचा साठा समोर ठेवला जातो, पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते, बाष्पीभवन वजा होते आणि उरलेल्या पाण्यात रब्बीची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या किती, हे ठरते. मग पाटकरी गावात येतो आणि आम्ही पाणी मागणीचे, नमुना नंबर सातचे अर्ज भरतो. मी जामदा कालव्यावरचा लाभधारक आहे. ही रीत चुकीची आहे असे म्हणायला हे पत्र लिहिलेले नाही. ती अपुरी आहे, तिला धरणाचे आणि वरच्या खोऱ्याचे संगणकावरचे मॉडेल जोडावे, एवढेच म्हणणे आहे, आणि ते जरा सविस्तर मांडतो.

मुळात तो टक्का कोणी मोजत नाही. मोजली जाते ती पाण्याची पातळी. त्या पातळीला पाणी किती, हे क्षमतेच्या तक्त्यात पाहून काढतात. म्हणजे आपण ज्याला आकडा म्हणतो तो आधीच एक अंदाज आहे. धरणाचा तळ अमुक आकाराचा आहे असे धरून काढलेला. तळात गाळ साचला की तोच तक्ता त्याच पातळीला जास्त पाणी दाखवतो. तक्ता ताज्या सर्वेक्षणाचा असेल तर टक्का खरा, जुना असेल तर टक्का फुगलेला. बैठकीत या तक्त्याचे वय कोणी विचारत नाही. यंदा विचारावे.

गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झाले. नांदगाव तालुक्यात पांझणजवळ. एकूण क्षमता सुमारे साडेएकवीस टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर), त्यातला उपयुक्त साठा साडेअठरा आणि बाकीचा तळाचा, वापरता न येणारा मृतसाठा. पाणलोट साडेचार-पाच हजार चौरस किलोमीटरचे, आणि ते जवळजवळ सगळे नाशिक जिल्ह्यात: कळवण, सटाणा, देवळा, मालेगाव, म्हणजे लोक ज्याला कसमादे म्हणतात तो पट्टा. लाभक्षेत्र मुख्यतः जळगाव जिल्ह्यात. धरणाच्या वर ब्रिटिश काळातले चणकापूर, शिवाय पुनंद, आरम नदीवरचे केळझर, मोसम नदीवरचे हरणबारी ही धरणे. ही भरून सांडली की मग आमचा नंबर. २०१९ साली बऱ्याच वर्षांनी गिरणा काठोकाठ भरले आणि पुढची तीन वर्षेही भरले. २०२३ साली साठा निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबला. का? ‘पाऊस कमी’ हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे, आणि ते खोटेही नाही. पण तोच पाऊस आठ दिवसांत धो-धो पडला तर येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, वेगळा आणि दोन महिन्यांत रिपरिप पडला तर वेगळा. कोरड्या जमिनीवर पडलेला पहिला पाऊस नदीला दिसतही नाही. शिवाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वरच्या पट्ट्यात द्राक्ष-डाळिंबासाठी प्लास्टिक अंथरलेली शेततळी उभी राहिली. त्यांतले एकेक तळे लहान. शेतकऱ्याने ते गरजेपोटी केले, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण सगळी मिळून गिरणेच्या येव्यातले किती पाणी अडवतात, हे बैठकीच्या टेबलावर कधी आले आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर काढायची रीत आहे आणि ती नवीनही नाही. पाणलोटाचे मॉडेल म्हणतात ते हेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने तयार केलेले ‘स्वॉट’ नावाचे मॉडेल फुकट मिळते आणि आपल्याकडची पदव्युत्तर मुले ते लॅपटॉपवर चालवतात. ते खोऱ्याचे लहान-लहान उपखोऱ्यांत भाग पाडते. प्रत्येक उपखोऱ्यात एकसारखी माती, एकसारखा उतार आणि एकसारखे पीक असलेले तुकडे एकत्र धरते. मग प्रत्येक तुकड्याचा रोजचा जमाखर्च: पाऊस किती आला, किती मुरला, पिकाने किती घेतला, किती उडाला, ओढ्याला किती गेला, आणि जाताना माती व खत किती घेऊन गेला. हे सगळे उताराच्या वाटेने खाली आणत धरणाच्या तोंडाशी बेरीज होते. तिथून दुसरे मॉडेल ताबा घेते, जलाशयाचे. आत आलेले पाणी कोणत्या थरात जाते, गाळ कुठे बसतो, ऊन वरून किती खोल पोचते, तळाशी प्राणवायू किती उरतो, शेवाळ केव्हा वाढते. दोन्ही जोडली की धरण आणि खोरे मिळून एकच व्यवस्था म्हणून तपासता येते. आज आपल्याकडे धरण पाटबंधाऱ्यांचे, माती कृषी खात्याची, सांडपाणी नगरपालिकांचे आणि झाडे वन खात्याची. पाण्याला मात्र ही खाती माहीत नाहीत.

गाळाचे घ्या. साधे गणित करतो, हे मोजमाप नव्हे. एवढ्या मोठ्या पाणलोटातून वर्षाला फक्त एक मिलिमीटर जाडीची माती धरणापर्यंत आली, तर ती पंचेचाळीस ते पन्नास लाख घनमीटर होते. म्हणजे साधारण सहा वर्षांत एक टीएमसी. प्रत्यक्षात काही माती वरच्या धरणांत अडकते, काही शेताच्या बांधाशीच थांबते, काही ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त जाते. म्हणून तर मॉडेल हवे. दुसरे असे की गाळ मृतसाठ्यात जाऊन शहाण्यासारखा बसतो हा समज कागदावरचा आहे. नदी जिथे जलाशयात शिरते तिथे तिचा वेग मरतो आणि जाड रेती-माती फुगवट्याच्या, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्याच्या, तोंडाशीच टाकली जाते. ती जागा उपयुक्त साठ्यातली. भिंतीजवळ पोचतो तो फक्त बारीक चिखल.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. ट्रॅक्टर लावून आम्हीही गाळ नेला आहे आणि पीक चांगले आले आहे. पण कळवणच्या उतारावरची माती आधी धरणात येऊ द्यायची, मग डिझेल जाळून तीच चाळीसगावच्या शेतात टाकायची, हा उलटा कारभार किती वर्षे? कोणत्या दहा-बारा उपखोऱ्यांतून सगळ्यात जास्त माती येते, हे मॉडेल नकाशावर दाखवू शकते. समतल चर, बांधबंदिस्ती आणि चराईबंदीचा पैसा आधी तिथे जावा. धुळे तालुक्यात लामकानीने चराई आणि कुऱ्हाड आवरून उजाड टेकड्यांवर गवत परत आणले. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. ही गावे गिरणेच्या पाणलोटातली नाहीत. पण हीच माणसे, हाच खडक, हाच पाऊस. असे एखादे गाव कोणत्या ओढ्यावर उभे राहिले तर धरणाला सगळ्यात जास्त फायदा होईल, हे तरी आधी कळले पाहिजे की नाही?

आता ज्याबद्दल आपल्या बैठकीत अवाक्षर निघत नाही त्याकडे येतो, पाण्याच्या प्रकृतीकडे. धरणातून मालेगाव पिते, नांदगावची छप्पन्न खेडी योजना पिते, आणि नदीपात्रात सोडलेल्या पाण्यावर खाली चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यासह नदीकाठची कितीतरी गावे पितात. या पाण्यात फॉस्फरस किती येतो हा प्रश्न चैनीचा वाटेल, पण त्याचे गणित भयंकर लहान आहे. वर्षाची सरासरी लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेली की जलाशय अतिपोषित मानण्याची रीत जगभर आहे. अतिपोषित म्हणजे शेवाळाला आमंत्रण. एक टीएमसी पाणी त्या रेषेवर आणायला साधारण एक टन फॉस्फरस पुरतो. १०:२६:२६ या खताच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध फॉस्फरस पावणेसहा किलोच्या जवळपास असतो. म्हणजे एका टीएमसीला पाऊणे दोनशे पोती. कसमादेतल्या कांद्याला, द्राक्षाला, डाळिंबाला अशी पोती किती पडतात ते कृषी सेवा केंद्रवाल्यांना विचारा. यातला बहुतेक फॉस्फरस मातीला धरून राहतो, हे खरे. पण माती वाहिली की तोही तिच्याबरोबर निघतो. गाळाचा प्रश्न आणि शेवाळाचा प्रश्न म्हणून वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा वाटा शहराचा. मोसम नदी मालेगावातून जाऊन गिरणेला मिळते, आणि हा संगम धरणाच्या वर आहे. २०११ च्या जनगणनेत मालेगावची वस्ती सुमारे ४ लाख ७१ हजार होती. माणशी दिवसाला एक-दोन ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो असे धरले तर रोज अर्धा ते एक टन. तो सगळा धरणात पोचत नाही. काही नाल्यात मुरतो, काही जलपर्णी खाते, उन्हाळ्यात तर नदीच वाहत नसते. पण पहिल्या पुरात जे काही साचले ते एका दमात येते. कांद्याचा वाटा मोठा की शहराचा, यावर दोन्हीकडून बोटे दाखवली जातील. मला कोणाकडेच बोट दाखवायचे नाही. पैसा मलनिस्सारण केंद्रावर आधी घालावा की बांधबंदिस्तीवर, हा निर्णय बोटांनी होऊ नये, एवढेच.

तिसरा वाटा आमचाच. पाणी ओसरले की फुगवट्याच्या जमिनीत गाळपेर होते. पीक घेतले, खत टाकले, फवारले आणि पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा पाण्याखाली. गाळपेर बंद करा असे मी म्हणणार नाही, त्यावर घरे चालतात, आणि धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा तर तो नैतिक हक्कच. पण फवारणी कोणती आणि पाण्याच्या रेषेपासून किती अंतरावर, याचा नियम धरणाच्या हिशेबातून निघायला हवा.

आणि मे महिना. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालचे थंड पाणी दबून राहते. दोन्ही थर मिसळत नाहीत. खालच्या थरातला प्राणवायू कुजण्यात संपला की तळाच्या गाळातले लोह, मँगेनीज आणि धरून ठेवलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो, सडक्या अंड्याचा वास येतो. पाणी नेमके खालच्या दारातून सोडले तर हेच गावच्या विहिरीपर्यंत जाते आणि मग ग्रामपंचायतीत तुरटी-ब्लीचिंग पावडरवरून भांडणे. साठा कमी असलेल्या वर्षी वाऱ्याने पाणी ढवळले जाते, थर टिकत नाहीत, पण गाळ उठतो. म्हणजे भरलेल्या वर्षाचा मे वेगळा, तुटीच्या वर्षाचा वेगळा. कोणत्या पातळीवरून आणि केव्हा पाणी उचलावे, पिण्याचे आवर्तन एप्रिलमध्ये द्यावे की मेच्या शेवटी, हे जलाशयाचे मॉडेल सांगू शकते. टक्का सांगू शकत नाही.

बाष्पीभवन आज एक ठरावीक वजावट म्हणून धरले जाते. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक मिलिमीटर उडाले तर दहा लाख लिटर गेले. आमच्याकडच्या मेमध्ये दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज जातात. पाणी किती खोल आहे त्याहून किती पसरले आहे यावर हा तोटा ठरतो, आणि गाळाने तळ वर आला की तेवढ्याच पाण्याचा पसारा वाढतो. पुन्हा तो तक्ताच आडवा आला.

धरणाच्या खालचा भागही हिशेबात धरा. पिण्याचे आवर्तन नदीपात्रातून कानळद्यापर्यंत न्यायचे असते. वाळू उपशाने पात्र जागोजाग खड्ड्यांचे झाले आहे, त्यामुळे पाणी पुढे सरकायला किती दिवस आणि किती टीएमसी, हे दर वेळी नव्याने उमजते. मेहुणबारेपासून कानळद्यापर्यंतचे सात बलून बंधारे, म्हणजे हवेने फुगवायचे रबरी बंधारे, वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. तरी विचारतो: सातही फुगवल्यावर प्रत्येक फुगवट्यात शहराचे आणि गावांचे सांडपाणी थांबेल की वाहील? विहिरींना किती फायदा? कोणत्या क्रमाने फुगवायचे? हे बांधल्यावर शिकण्यापेक्षा आधी संगणकावर शिकणे स्वस्त.

हतनूरचे उदाहरण इथे मुद्दाम देतो, कारण एकाच तापी खोऱ्यातली दोन धरणे किती वेगळी असू शकतात ते दिसते. हतनूरचे पाणलोट सुमारे एकोणतीस हजार चौरस किलोमीटर, त्यात पूर्णेची काळी माती, आणि एकूण साठा अवघा ३८८ दशलक्ष घनमीटर. दर पावसाळ्यात साठ्याच्या कितीतरी पट पाणी ४१ दरवाजांतून निघून जाते. तिथे कळीचा प्रश्न म्हणजे दरवाजे केव्हा उघडे ठेवले तर गाळ पुराबरोबर पुढे जाईल आणि तरीही शेवटी धरण भरेल. गिरणेत आलेला गाळ मात्र बहुतांश तिथेच राहतो, कारण साठा मोठा आणि येवा त्या मानाने थोडा. वाघूर तिसरेच, अजिंठ्याच्या डोंगरात उगम, लेण्यांच्या पायथ्यावरून येणारी नदी आणि खाली जळगाव शहर. एका धरणाचा उपाय दुसऱ्याला चिकटवणे बरोबर नाही, हे सांगायला याहून चांगला जिल्हा सापडणार नाही.

‘मॉडेल म्हणजे परदेशी खूळ’ असे कोणी म्हणेल, म्हणून परदेशातलेच सांगतो, यशासकट आणि फजितीसकट. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवरात शेवाळाने कहर केला तेव्हा दोन्ही देशांनी १९७२ साली करार केला. वेगवेगळ्या गटांनी केलेली, काही अगदी साधी आणि काही गुंतागुंतीची मॉडेले शेजारी ठेवून पाहिली, आणि १९७८ च्या सुधारित करारात वर्षाला ११ हजार टन फॉस्फरसची मर्यादा ठरली. मलनिस्सारण सुधारले, साबणातला फॉस्फेट कमी केला, सरोवर सावरले. पुढे शेतीतून येणाऱ्या विरघळलेल्या फॉस्फरसने पुन्हा डोके वर काढले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या परिसरातल्या सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. नुसते उकळूनही चालणार नव्हते, शेवाळाचे विष उकळून जात नाही. मग पुन्हा अनेक मॉडेले चालवून २०१६ साली ४० टक्के कपातीचे लक्ष्य ठरले. मला यातून एवढेच घ्यायचे आहे की मॉडेल एकदा करून कपाटात ठेवायची वस्तू नाही, आणि एकाच तज्ज्ञाच्या एकाच मॉडेलवर विसंबू नये.

मॉडेल चुकते हेही मान्य. पुढच्या वर्षी पाऊस किती पडेल हे ते सांगणार नाही. त्याची परीक्षा घ्यायची पद्धत ठरलेली आहे: काही वर्षांच्या नोंदींवर ते जुळवायचे आणि जी वर्षे त्याला दाखवली नाहीत त्यांवर तपासायचे. १९७० पासून वापरात असलेला नॅश-सटक्लिफ गुणांक सांगतो की जमले किती. एक म्हणजे तंतोतंत, शून्य म्हणजे नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढेच खरे ठरले असते. एखाद्या सल्लागार कंपनीने रंगीत नकाशांचा जाड अहवाल दिला आणि हा गुणांक दिला नाही, तर तो अहवाल परत पाठवा. आणि अहवाल इंग्रजीत असेल तर त्याचा मराठी गोषवारा लाभधारकांना वाचता येईल असा हवा.

साधनांची अडचण आता फार उरलेली नाही. गाळाच्या सर्वेक्षणाचे काम करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था नाशिकलाच आहे, म्हणजे पाणलोटाच्याच जिल्ह्यात. जळगावला विद्यापीठ आहे. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची मिळतात, सेंटिनेल-२ ची दर पाच दिवसांनी, दोन्ही फुकट. फुगवटा किती पसरला, पाणी कुठे हिरवे झाले, शेततळी किती वाढली, सगळे त्यांत दिसते. उणीव आहे ती जमिनीवरच्या नोंदींची, आणि ज्या आहेत त्या उघड नसण्याची.

पांझरा, मोसम, आरमच्या काठी फड पद्धत शतकानुशतके चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, कोणत्या फडात कोणते पीक ते गाव मिळून ठरवी, आणि पाणी कमी असले की किती फड भिजवायचे तेही. त्या माणसांना वरचा ओढा, डोंगर आणि पाऊस डोळ्यांनी दिसत होता. आज आमच्या कालव्याचे पाणी चार धरणे, एक मोठे शहर आणि चार तालुक्यांची शेती ओलांडून येते. डोळ्यांनी दिसायची सोय राहिली नाही, म्हणून तर मॉडेल मागतो आहे.

मागणी अवघड नाही. रोजची पातळी, येवा, विसर्ग आणि वरच्या धरणांतून सोडलेले पाणी हे आकडे त्याच दिवशी कोणालाही वाचता येतील असे ठेवावेत, जुने आकडेही. क्षमतेचा तक्ता कोणत्या सर्वेक्षणाचा आहे ते टक्क्यासोबत छापावे. यंदा पाणी वाटताना मॉडेल नसले तरी चालेल, पण पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पाणलोटाचे आणि जलाशयाचे प्राथमिक मॉडेल तयार करायचा ठराव या बैठकीत व्हावा. आणि पुढच्या वर्षी आवर्तनांचे किमान तीन पर्याय त्यावर चालवून, प्रत्येकात मेअखेर किती आणि कसले पाणी उरेल, हे बैठकीच्या आठ दिवस आधी पाणी वापर संस्थांना कळवावे. कसमादेतल्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही त्या बैठकीला बोलवावेत. त्यांच्याशिवाय हा हिशेब अर्धाच राहतो, आणि ते आले तर वादही होतील, त्याला इलाज नाही.

पाण्याचे नमुने महिन्यातून एकदा, तीन खोलींवरून, फुगवट्यात तीन ठिकाणी घ्यावे लागतील. त्यासाठी नवी बोट खरेदी करायचा प्रस्ताव पाठवू नये, दोन वर्षे मंजुरीतच जातील. जलाशयात रोज जाळी टाकणाऱ्यांकडे होड्या आहेत, आणि उन्हाळ्यात कोणत्या भागात खालच्या पाण्यात मासा थांबत नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना रोजंदारी द्या आणि नोव्हेंबरपासून सुरुवात करा.

आपला विश्वासू,
जामदा कालव्यावरचा एक लाभधारक
ता. भडगाव, जि. जळगाव